दिल्लीच्या गाळाखाली दडलेला अरवली

नवी दिल्ली : रायसीना टेकडीचा खडक आणि दक्षिण दिल्लीतील रिजवर उघडा पडलेला खडक एकच आहे, क्वार्टझाइट. अरवलीचे हे उत्तर टोक वझिराबादजवळ यमुनेकाठी संपल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात ते गाळाखाली उतरते. रिजलगत काही मीटरवर लागणारा हा आधारखडक वायव्य आणि नैऋत्य दिल्लीत ३०० मीटर वा त्याहून खोल आहे. शिवाय त्याचा पृष्ठभाग सपाट नाही. त्यात गाडलेले उंचवटे आणि दऱ्या आहेत. त्यामुळेच एका कूपनलिकेला पाणी लागते आणि थोड्या अंतरावरील दुसरी कोरड्या दगडावर अडते.

खोदाईपूर्वी हा तळ जाणून घेण्याची प्रचलित पद्धत म्हणजे विद्युत रोधकता सर्वेक्षण. जमिनीत रोवलेल्या दोन सळ्यांतून वीज सोडून मधल्या दोन सळ्यांमधील विद्युतदाब मोजतात. अंतर वाढवत नेले की अधिक खोलीची माहिती मिळते. अखंड क्वार्टझाइट विजेला मोठा रोध करतो, तर भेगांत पाणी असल्यास रोध घटतो. मात्र येथे फसगतही होते. चिकणमाती आणि खारे पाणी भरलेली वाळू, दोन्हींचा रोध कमीच असतो. नजफगढसारख्या खाऱ्या भूजलाच्या पट्ट्यात त्यामुळे केवळ या आकड्यांवर विसंबणे धोक्याचे.

गुरुत्वमापनाचा आधार वेगळा आहे. गाळापेक्षा क्वार्टझाइट जड असल्याने तळ जेथे वर येतो तेथे गुरुत्वाकर्षण किंचित वाढते. हा फरक दशलक्षांशांत मोजावा लागतो.

भूमिगत वाहिन्या आणि नळ महानगरात विद्युत मापनात अडथळा आणतात. पण शहराचा गोंगाट उपयोगीही पडतो. वाहनांमुळे जमीन सतत सूक्ष्म थरथरते. गाळ जितका जाड, तितकी त्याची नैसर्गिक कंपने संथ. त्यावरून खडकाच्या खोलीचा अंदाज बांधता येतो. राजधानीचे १:१०,००० प्रमाणातील भूकंप सूक्ष्मक्षेत्र नकाशे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. हादऱ्यांची तीव्रता ठरवतानाही गाळाची ही जाडी निर्णायक असते.

महाराष्ट्रात आधारखडकावर गाळाऐवजी बसाल्टचे थर आहेत. कोयना परिसरात गोठणे येथील सुमारे तीन किलोमीटर खोल वेधनात ग्रॅनाइटी खडक १,२४७ मीटरवर लागला. सर्वेक्षण अंदाज देते. खोली पक्की ठरते ती अशा वेधनातूनच.