इंजिन आधी सांगत असते

आमचे सूस २०२१ मध्ये पुणे महापालिकेत गेले, पण सकाळी टेकडीवर फिरायला जायची गावाची सवय काही गेली नाही. मी आयुष्यभर लहान विमानांच्या देखभालीचे काम केले, हे तिथल्या मंडळींना ठाऊक आहे. २४ ऑगस्ट २०२४ रोजी मुळशी तालुक्यातच पौडजवळ एक हेलिकॉप्टर पडले. त्यातले चौघे बचावले. पुढे २ ऑक्टोबर २०२४ रोजी सकाळी शेजारच्या बावधनला दुसरे हेलिकॉप्टर कोसळले आणि त्यातले तिघेही गेले. तेव्हापासून डोक्यावरून काही घरघरत गेले, की कुणीतरी विचारतेच, "काका, हे मध्येच बंद पडले तर?"

बावधनला त्या सकाळी दाट धुके होते, त्यामुळे ती गोष्ट वेगळी. पण प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर शोधायला लांब जायला नको. आपल्याच जिल्ह्यात बारामतीला वैमानिक घडवणाऱ्या संस्था आहेत. २५ जुलै २०२२ रोजी तिथून एकटीने निघालेल्या एका प्रशिक्षणार्थी मुलीचे छोटे विमान इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या शेतात पडले. तिला किरकोळ दुखापत झाली. त्यानंतर ऑक्टोबर २०२३ मध्ये, १९ आणि २२ तारखेला, म्हणजे अवघ्या चार दिवसांत, बारामती परिसरात रेडबर्ड या संस्थेची दोन प्रशिक्षण विमाने पडली. पहिले कटफळजवळ, दुसरे गोजुबावीजवळ. दोन्ही वेळा प्राण वाचले. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने मग त्या संस्थेचे प्रशिक्षण थांबवले आणि ते करताना विमानांच्या देखभालीवर बोट ठेवले.

सगळे वाचले, मग विषय संपला, असे वाटणे साहजिक आहे. माझ्या मते विषय तिथेच सुरू होतो.

आधी एक गैरसमज दूर करू. इंजिन बंद पडले म्हणजे विमान दगडासारखे खाली येते, असे नाही. हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरमधली ग्लायडर पुणेकरांनी वर्षानुवर्षे पाहिली आहेत. त्यांना इंजिनच नसते, तरी ती अलगद उतरतात. प्रशिक्षणासाठी वापरले जाणारे सेस्ना १५२ हे दोन आसनी विमान घ्या. इंजिन गेल्यावर वैमानिकाने नाक थोडे खाली करून ताशी सुमारे ११० किलोमीटर वेग राखला, तर एक किलोमीटर उंचीवरून ते आठ-नऊ किलोमीटर पुढे तरंगत जाते. सूसवर इंजिन थांबले, तर विद्यापीठापर्यंत पोचण्याइतके अंतर झाले हे. तेवढ्या वेळात मोकळे शेत शोधता येते.

उंची शंभरच मीटर असेल, तर मात्र हातात अर्धा मिनिट असतो. टेकऑफनंतर लगेच इंजिन रुसले, की वैमानिकाला मागे वळून धावपट्टीवर परतायचा मोह होतो. वळताना विमान कलते. ४५ अंश कलले, की ज्या वेगाखाली पंख विमान पेलू शकत नाहीत, तो वेग सुमारे १९ टक्क्यांनी वाढतो. आधीच वेग कमी, त्यात ही वाढ. पंखांचा आधार तुटतो आणि विमान फिरत खाली येते. म्हणून शिकवताना सांगतात, की कमी उंचीवर वळू नका, समोर जे मोकळे दिसेल तिथे उतरा. इंजिन बंद पडल्याने माणसे दगावतात, त्यापेक्षा वेग गमावल्याने जास्त दगावतात.

आता इंजिनाकडे येऊ. सेस्ना १५२चे इंजिन चार सिलिंडरचे, ११० अश्वशक्तीचे. आत पेट्रोल, ठिणगी, पिस्टन. तत्त्व तुमच्या स्कूटरचेच. ज्यांनी जुनी स्कूटर तिरकी करून सुरू केली आहे आणि प्लग काढून पॉलिशपेपरने काजळी घासली आहे, त्यांना निम्मे विमानशास्त्र आले म्हणायला हरकत नाही. फरक एवढाच, की स्कूटर रस्त्याच्या कडेला लावता येते.

म्हणूनच विमानात प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग असतात. त्यांना ठिणगी पुरवणारे मॅग्नेटोही दोन, एकमेकांपासून स्वतंत्र. प्लगचे महत्त्व सांगणारी एक खरी गोष्ट आहे. १९३० मध्ये भारत आणि इंग्लंड यांच्यामध्ये एकट्याने उड्डाण करणाऱ्या भारतीयासाठी आगाखान पारितोषिक ठेवलेले होते. जे. आर. डी. टाटा कराचीहून निघाले होते, तर ॲस्पी इंजिनिअर इंग्लंडहून येत होते. इजिप्तमधल्या अबूकीरला दोघांची गाठ पडली. ॲस्पी प्लगअभावी अडकून पडले होते. टाटांनी आपल्याजवळचा जादा प्लग त्यांना दिला. पारितोषिक ॲस्पींनी जिंकले आणि पुढे ते आपल्या हवाई दलाचे प्रमुख झाले.

दोन मॅग्नेटो असले, तरी ते दोन्ही ठीक आहेत हे दर उड्डाणाआधी तपासावे लागते. सेस्ना १५२मध्ये इंजिन मिनिटाला १७०० फेऱ्यांवर आणतात आणि एकेक मॅग्नेटो बंद करून पाहतात. फेऱ्या १२५ पेक्षा जास्त उतरता कामा नयेत आणि दोन्ही मॅग्नेटोंमधला फरक ५० पेक्षा जास्त नसावा. आता समजा, आज १२० उतरल्या. नियमात बसते, विमान उडते. पण गेल्या आठवड्यात ७० उतरत होत्या, त्याआधी ६० उतरत होत्या, हे कुणी लिहून ठेवले असेल, तर तो १२० चा आकडा ओरडून काहीतरी सांगतो आहे. लिहिले नसेल, तर तो नुसताच 'ठीक आहे'.

माझा सगळा मुद्दा या एका उदाहरणात आहे. इंजिन क्वचितच अचानक बंद पडते. बहुधा ते आधी सांगत असते. तेल बदलताना आम्ही तेलाचा फिल्टर कापून उघडतो आणि त्याच्या घड्या उलगडून पाहतो. त्यात धातूचा चुरा चमकला, की समजायचे, आत काहीतरी झिजते आहे. दर १०० तासांच्या तपासणीत सिलिंडरमध्ये ठरावीक दाबाची हवा सोडून किती गळते ते मोजतात. गळती वाढत गेली, तर झडपा किंवा रिंगा गेल्या. एक्झॉस्टच्या नळीवर राखाडी डाग दिसला, तर तिथे तडा आहे. ही सगळी इंजिनाची भाषा. ऐकायला कान हवेत आणि वेळही हवा.

काही खोड्या मात्र पुरावा मागे ठेवत नाहीत. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची वाफ होताना हवा इतकी गार होते, की बाहेर २०-२५ अंश तापमान असतानाही आत बर्फ धरतो. आपली पावसाळी दमट हवा त्याला फार मानवते. फेऱ्या हळूहळू उतरतात, इंजिन थरथरते. वैमानिकाने गरम हवेचा दांडा वेळेवर ओढला नाही, तर ते थांबते. विमान शेतात उतरून लोक जमेपर्यंत बर्फ वितळलेला असतो. टाकीतल्या पाण्याचेही तसेच. रात्री दव धरते, पाणी पेट्रोलपेक्षा जड म्हणून तळाशी बसते. सकाळी तळाचा नळ उघडून कपभर पेट्रोल काढून पाहणे, एवढाच उपाय आहे. दोन मिनिटांचे काम, पण घाईत तेच राहते.

मग हे राहते का? माणसे वाईट असतात म्हणून नव्हे. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी विद्यार्थ्याला २०० तास उडावे लागते. आई-वडिलांनी कर्ज काढलेले असते. विमाने मोजकी असतात आणि पाऊस-धुक्याने दिवस वाया गेलेले असतात. अशा वेळी विमान हँगरमध्ये उभे राहिले, तर ते सगळ्यांच्याच डोळ्यांत खुपते. वैमानिक उतरल्यावर म्हणतो, "जरा थरथरत होते." वहीत ते लिहिले, की त्याला स्नॅग म्हणतात. स्नॅग लिहिला, की परवानाधारक इंजिनिअरने तो दूर करून सही करेपर्यंत विमान उडत नाही. म्हणून तो तोंडी सांगितला जातो. तोंडी सांगितलेले संध्याकाळपर्यंत विरते आणि दुसऱ्या दिवशी त्याच विमानात दुसरा विद्यार्थी बसतो. त्याला त्या थरथरीची गोष्ट कुणीच सांगितलेली नसते.

विमान नुसते उभे ठेवणे हीसुद्धा देखभाल नव्हे. लहान इंजिने साधारण २००० ते २४०० तासांनी पूर्ण उघडून नवी करायची असतात; पण तास भरले नाहीत, तरी कंपनी १२ वर्षांची मर्यादाही घालते. कारण न चालणाऱ्या इंजिनाच्या आत गंज चढतो.

आणि दुरुस्ती झाली म्हणजे धोका संपला, असेही नाही. दुसऱ्या महायुद्धात वॉडिंग्टन नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने बॉम्बर विमानांच्या नोंदी तपासल्या. ठरावीक तासांच्या तपासणीनंतर बिघाड कमी व्हायला हवेत, तर ते लगेच वाढलेले दिसले. ठीक चाललेले भाग उगाच उघडले जात होते आणि जोडताना चुका राहत होत्या. आपल्याकडे २८ जून २०१८ रोजी मुंबईत घाटकोपरला जे किंग एअर विमान कोसळले, ते दुरुस्तीनंतरच्या चाचणी उड्डाणावर होते. विमानातले चौघे गेले आणि रस्त्याने जाणारा एक माणूसही गेला. त्याचा त्या विमानाशी काय संबंध होता? सूससारख्या, दिवसेंदिवस उंच इमारतींनी भरत चाललेल्या गावाने हा प्रश्न विसरू नये. पूर्वी इंजिन थांबले, तर उतरायला माळ होता. आता माळ आखडला आहे.

मुलाला किंवा मुलीला वैमानिक करायला निघालेले पालक माझ्याकडे येतात. संस्थेची फी, वसतिगृह, जेवण, सगळे विचारून आलेले असतात. मी त्यांना आणखी तीन प्रश्न विचारायला सांगतो. संस्थेत विमाने किती आणि परवानाधारक इंजिनिअर किती? गेल्या महिन्यात वैमानिकांनी लिहिलेले स्नॅग किती? आणि विद्यार्थ्याने 'आज हे विमान नको' म्हटले, तर त्याचे काय होते?

दुसऱ्या प्रश्नाला 'एकही नाही' असे उत्तर आले, तर पालक खूश होतात. मी त्यांना सांगतो, तिथेच सावध व्हा. रोज उडणाऱ्या विमानांच्या वहीत महिनाभर एकही तक्रार नाही, याचा अर्थ विमाने उत्तम आहेत असा सहसा नसतो. तिथे कुणी लिहीत नाही, असा असतो. ज्या संस्थेची वही तक्रारींनी आणि त्यापुढच्या सह्यांनी भरलेली दिसेल, तिथे मुलाला खुशाल पाठवा.