चहा करावा कसा, आणि घ्यावा केव्हा

दिवसातून दोन वेळा तरी चूल वा शेगडी चहासाठी पेटत नाही असे घर आपल्या धर्मग्रामात सापडणे कठीण. तरीही चांगला चहा थोड्याच घरांत मिळतो. पूड महाग आणली म्हणजे चहा चांगला होतो असा पुष्कळांचा समज आहे. आमच्या मते दोष बहुधा पुडीचा नसून उकळण्याचा असतो.

आपण वापरतो तो दाणेदार चहा, म्हणजे 'सीटीसी'. पाने चिरडून, फाडून, वळवून त्याचे दाणे करतात. ही पद्धत १९३० च्या सुमारास आसामात निघाली. या दाण्यांतून रंग व कडकपणा दोन-तीन मिनिटांतच पाण्यात उतरतो. त्यापुढे पातेले उकळत ठेवले की वास वाफेबरोबर उडून जातो आणि तुरटपणा वाढत जातो. मग तो तुरटपणा झाकायला आपण आणखी एक चमचा साखर घालतो!

चार कप चहासाठी तीन कप ताजे पाणी, वर आटण्यापुरते थोडे, आणि एक कप दूध घ्यावे. रात्रभर भांड्यात राहिलेले किंवा एकदा उकळून गार झालेले पाणी नको. आले घालायचे असल्यास ते ठेचून पाण्यातच चांगले उकळू द्यावे. कच्च्या आल्यात दूध फाडणारा एक पाचक पदार्थ असतो. उकळल्यावर त्याची शक्ती जाते. 'दूध नासकेच होते' म्हणून गवळ्याला बोल लावण्याआधी एवढे पाहावे. पाण्याला खळखळून आधण आले की तीन सपाट लहान चमचे पूड टाकून आच अगदी मंद करावी, दोन मिनिटांनी उतरवून आणखी एक-दोन मिनिटे झाकण ठेवावे. दूध दुसऱ्या भांड्यात तापवून मग मिसळावे. किटलीत ओतायचा असेल तर किटली आधी गरम पाण्याने विसळून घ्यावी; नाहीतर थंड किटली चहाची अर्धी ऊब खाते. कूपनलिकेच्या जड पाण्याचा, विशेषतः दूध न घातलेला, चहा काळपट होऊन वर तवंग येतो. तो पाण्यातल्या चुन्यामुळे येतो, पुडीला दोष देऊ नये.

सुटी पूड घेणाऱ्यांनी एक परीक्षा अवश्य करावी. पांढऱ्या टिपकागदावर चिमूटभर पूड पसरून वर थोडे पाणी शिंपडावे. थोड्या वेळाने पूड काढून कागद नळाखाली धुवावा व उजेडाकडे धरून पाहावा. शुद्ध पुडीचा डाग राहत नाही. कृत्रिम रंग दिलेली असल्यास काळपट तपकिरी डाग उरतात. पुडीवरून लोहचुंबक फिरवले तर लोखंडाचा कीस मिसळलेला असल्यास तोही उघडा पडतो.

आता आमच्या भगिनींसाठी महत्त्वाची गोष्ट. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. पाच वर्षांखालील मुलांत हे प्रमाण ६७ टक्के होते. याला कारणे अनेक आहेत, सगळा दोष चहाचा नव्हे. पण चहातील तुरट द्रव्ये नाचणी, डाळी, पालेभाज्या यांतील लोहाला धरून ठेवतात आणि ते रक्तात जाऊ देत नाहीत. मासळी-मांसातले लोह इतके अडत नाही. दूध घातल्यानेही हा दोष जात नाही. म्हणजे भाकरी-भाजी खाऊन लगेच कपभर चहा घेतला की भाजीचे मोल निम्मे वाया जाते, आणि शाळेला निघालेल्या पोराला चहा-चपाती दिली तरी तेच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार-मार्गदर्शिकेत जेवणाआधी व नंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळावी असे म्हटले आहे. कम्युनियनपूर्वीचा एक तास आपण पाळतोच. जेवणाचाही पाळायला अवघड जाऊ नये.

गरोदरपणी दिल्या जाणाऱ्या लोहाच्या गोळ्या रोज एक याप्रमाणे १८० दिवस घ्यायच्या असतात. मळमळते म्हणून त्या चहाच्या घोटाबरोबर गिळणाऱ्या पुष्कळजणी आहेत. गोळी घेतल्यासारखी होते, पण अंगी फार कमी लागते. ती पाण्याबरोबर किंवा लिंबाच्या सरबताबरोबर घ्यावी. लिंबू, आवळा, पेरू यांनी लोह अधिक शोषले जाते. मळमळ फार होत असेल तर गोळी बंद न करता दवाखान्यात विचारावे.

चहा कढत पिण्यात पुरुषार्थ मानणारेही आहेत. ६५ अंशांवरचे पेय नेहमी पिणे अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारण होते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१६ मध्ये जाहीर केले. बशीत ओतून पिणाऱ्या आपल्या आजोबांना हसू नये.

ज्यांना जेवणानंतर काहीतरी गरम लागतेच, त्यांच्यासाठी परसात गवती चहा असावा. नाव चहाचे असले तरी तो गवताच्या कुळातला. त्यात झोप उडवणारे द्रव्य नाही. पावसाच्या सुरुवातीला जुन्या ठोंबाचा मुळासकट एक फुटवा काढून, पाणी न साचणाऱ्या जागी लावला की पुरे. पाती बुंध्यापासून चार बोटे ठेवून कापावी, म्हणजे पुन्हा फुटते.

गाळणीतला चोथा झाडांना चांगला, पण साखरेसह टाकला तर मुंग्या जमतात. तो पाण्यात एकदा धुऊन, पिळून शेणखतात मिसळावा. गुलाबाच्या कुंडीत घालायचा असेल तर मूठभरच घालून मातीत कालवून टाकावा. वर थर साचला की पावसाळ्यात बुरशी धरते.