चुंबकीय गाळणी
चुंबकीय गाळणी : द्रवातील लोखंड, पोलाद इ. लोहचुंबकीय पदार्थांचे कण चुंबकीय आकर्षणाने अलग करणारी प्रयुक्ती. वंगण तेल, द्रवीय यंत्रणांतील तेल, शाणन यंत्रांचा शीतक द्रव तसेच दूध, फळांचा रस, पातळ चॉकोलेट यांसारखे खाद्य द्रव यांकरिता ती वापरतात. कायम चुंबक वापरल्यास विद्युत् पुरवठा लागत नाही.

तत्त्व : एकविध चुंबकीय क्षेत्रात कण फक्त क्षेत्राच्या दिशेत वळतो, ओढला जात नाही. ओढ निर्माण होण्यासाठी क्षेत्राची तीव्रता अंतरानुसार बदलावी लागते. या बदलाच्या त्वरेस प्रवणता म्हणतात. म्हणून गाळणीत चुंबकांचे सजातीय ध्रुव समोरासमोर ठेवून त्यांमध्ये लोखंडी चकत्या बसवितात. चकत्यांच्या कडांशी प्रवणता सर्वाधिक असते व कण तेथेच साठतात. कणावरील ओढ त्याच्या घनफळाच्या, तर द्रवाचा विरोध त्याच्या व्यासाच्या प्रमाणात असतो. त्यामुळे व्यास निम्मा झाल्यास कण चुंबकाकडे सरकण्याचा वेग एक-चतुर्थांश होतो. बारीक कण पकडण्यासाठी प्रवाह संथ व चुंबकाजवळून जाणारा असावा लागतो. श्यानता (दाटपणा) जास्त असलेल्या थंड तेलात कण कमी सापडतात.

रचना : चुंबक अगंज पोलादाच्या नळीत बंद करून नळ्यांची जाळी प्रवाहात ठेवतात. पूर्वी ॲल्निको व फेराइट चुंबक वापरीत. १९८० नंतरच्या दशकात आलेले निओडिमियम-लोह-बोरॉन चुंबक पुष्कळ अधिक प्रबल असतात. तथापि त्यांच्या साधारण प्रती सु. ८०° से. च्या पुढे दुर्बळ होऊ लागतात. अधिक तापमानास समॅरियम-कोबाल्ट चुंबक योग्य ठरतात.

मर्यादा : पितळ, कासे, तांबे, ॲल्युमिनियम, वाळू यांचे कण चुंबकास चिकटत नाहीत. अगंज पोलादाच्या अनेक प्रकारांना चुंबकाची ओढ जवळजवळ नसते. मात्र झिजताना त्यांच्या कणांत थोडे चुंबकत्व येऊ शकते. म्हणून कासे-धारव्याची झीज चुंबकावर दिसणार नाही. त्यासाठी नेहमीची जाळीची गाळणी लागतेच. उलट, जाळीच्या छिद्रांतून निसटणारे सूक्ष्म लोहकण चुंबक पकडू शकतो व त्यामुळे प्रवाहास फारसा अडथळा होत नाही. तेव्हा या दोन गाळण्या परस्परपूरक होत.

देखभाल : साठलेला थर वाढला की पृष्ठभागावरील ओढ कमी होते व प्रवाहाच्या धक्क्याने गोळा सुटून एकदम धारव्यात जाऊ शकतो. यामुळे नियमित सफाई आवश्यक असते. पुष्कळ गाळण्यांत चुंबक नळीतून बाहेर ओढून कण झटकता येतात. सफाईच्या वेळी गाळाचे निरीक्षणही महत्त्वाचे असते. काळी बारीक भुकटी सामान्य झीज दर्शविते, तर चकाकत्या कपच्या दंतचक्राचा वा धारव्याचा पृष्ठभाग उखडत असल्याचे सुचवितात. विमानांच्या एंजिनांत याच हेतूने तेलमार्गात चुंबकीय बुचे बसवितात. यंत्र निकामी होण्यापूर्वी त्यांवरून दोष लक्षात येऊ शकतो.