‘गाडी आलीय, पैसे भरा’ असा फोन आल्यावर

पारनेरहून शिरूर, शिक्रापूर केलं की चाकण. एक्सयूव्ही ७०० तिथेच बनायची. तरीही ७ ऑक्टोबर २०२१ला बुकिंग सुरू झाल्यावर वरच्या मॉडेलसाठी लोकांना वर्षभराहून जास्त थांबावं लागलं. ‘डीलरने आपली गाडी दुसऱ्याला दिली’ हा संशय तेव्हा घरोघरी होता. कुठे तो खराही असेल, पण मुख्य अडचण चिपच्या तुटवड्याची होती. जेवढी गाडी भारी, तेवढ्या चिप जास्त.

थांबून कंटाळलेला माणूस फोन येताच सही करून मोकळा होतो. गैरसमज महागात पडतात ते इथेच.

पहिला गैरसमज : बुकिंगच्या दिवशीचा भाव पक्का. तसं नसतं. डिलिव्हरीच्या वेळची किंमत लागेल, असं बुकिंगच्या फॉर्मवर बहुधा बारीक अक्षरात छापलेलं असतं. ३० जुलै २०२२ला स्कॉर्पिओ-एनची सुरुवातीची किंमत पहिल्या २५ हजार बुकिंगपुरतीच होती, आणि तेवढी बुकिंग मिनिटभरात संपली! कराचंही तेच, फक्त कधी तो गिऱ्हाइकाच्या पथ्यावर पडतो. २२ सप्टेंबर २०२५पासून छोट्या कारवरचा जीएसटी २८वरून १८ टक्के आणि शेतीच्या ट्रॅक्टरवरचा १२वरून ५ टक्के झाला. बुकिंग आधीचं, पण बिल आणि गाडी त्यानंतरची, अशांना कमी दर लागला.

उशिरा आलेली गाडी ताजीच असेल, हेही गृहीत धरू नका. कुणी रद्द केलेली, यार्डात उन्हापावसात पडलेली गाडीही तुमच्या वाट्याला येऊ शकते. उरलेले पैसे भरण्याआधी चेसिस नंबर आणि बनावटीचा महिना-वर्ष मागा. तो महिना आरसीवर छापला जातो आणि गाडी विकताना गिऱ्हाईक तोच बघतं. टायरच्या कडेलाही चार आकडे असतात. ३५२५ म्हणजे २०२५चा पस्तिसावा आठवडा. हे सगळं पाहिल्यावरच बँकेला कर्जाची रक्कम सोडायला सांगा, कारण रक्कम सुटली की गाडी दारात नसली तरी व्याज सुरू होतं.

‘दसऱ्याला गाडी नेऊ, नंबर मागून येईल’ हे आता चालत नाही. नंबर लागल्याशिवाय डीलरने नवी गाडी ताब्यात द्यायची नाही, असा कायदा आहे. म्हणून एमएच १६ची नोंदणी चार दिवस आधी उरकून घ्या, पूजा मुहूर्तावर करा. विमा शोरूममधूनच घ्यायची सक्ती नाही. ‘हँडलिंग चार्ज’ ही सरकारी फी नाही. त्याचा हिशेब बेधडक विचारा.

राहिला बुकिंगचा पैसा. तो बुडालाच, असं समजून गप्प बसणारे पुष्कळ. आधी रद्द करण्याच्या अटी वाचा, लेखी मागणी करा. दाद मिळाली नाही तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि त्यापुढे अहिल्यानगरचा जिल्हा ग्राहक आयोग. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे तक्रारीला फी लागत नाही.