संकरित बेगोनिया : घाटमाथ्याच्या हवामानातील जोपासना

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेला, गुजरातच्या सीमेला लागून असलेला पेठ तालुका हा भात, नागली आणि वरईचा प्रदेश आहे. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येथे साधारण दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, मात्र ते पाणी डोंगरउतारांवरून झपाट्याने वाहून जाते आणि उन्हाळ्यात याच तालुक्यातील अनेक पाड्यांना पिण्याच्या पाण्याची टंचाई सोसावी लागते. ओलाव्याची अशी रेलचेल आणि अशी वानवा एकाच वर्षात पाहणाऱ्या प्रदेशात बेगोनियासारखे मांसल खोडाचे, नाजूक पानांचे फूलझाड कसे टिकावे, हा प्रश्न स्वाभाविक आहे. मात्र बेगोनिया हे कुळ सह्याद्रीला परके नाही. बेगोनिया क्रेनाटा ही फिकट गुलाबी फुलांची रानटी जाती पावसाळ्यात घाटातील ओल्या कातळांवर, शेवाळाच्या पातळ थरात आणि जुन्या दगडी भिंतींच्या फटींत उगवते, पाऊस सरताना फुलून बी धरते आणि पुढचे कोरडे महिने जमिनीतील लहानशा कंदाच्या रूपात काढते. ज्या कातळावरून पाणी अखंड झिरपत असते पण क्षणभरही साचत नाही, तोच कातळ तिने निवडलेला असतो. आणि रोपवाटिकेतून आणलेल्या संकरित बेगोनियाच्या जोपासनेचे मूळ सूत्रही हेच आहे की हवेत ओलावा असावा, मुळांशी ओल असावी, परंतु पाणी कोठेही थांबू नये.

कुळाची ओळख

बेगोनिया या प्रजातीत आज दोन हजारांहून अधिक जाती ज्ञात असून सपुष्प वनस्पतींच्या सर्वांत मोठ्या प्रजातींमध्ये तिची गणना होते. या जाती दक्षिण व मध्य अमेरिका, आफ्रिका आणि आशिया या खंडांच्या उष्ण आणि समशीतोष्ण प्रदेशांत पसरलेल्या आहेत. बेगोनिया ओळखण्याच्या दोन सोप्या खुणा आहेत. पहिली म्हणजे पानाचे दोन्ही भाग सहसा सारखे नसतात, मधल्या शिरेच्या एका बाजूचा भाग दुसऱ्या बाजूपेक्षा मोठा असतो. दुसरी म्हणजे नरफुले आणि मादीफुले एकाच झाडावर पण वेगवेगळी येतात, आणि मादीफुलाच्या पाकळ्यांमागे बहुधा तीन पंख असलेला बीजकोश स्पष्ट दिसतो. नर आणि मादी फुले वेगळी असल्यामुळे एका जातीचे पराग दुसऱ्या जातीच्या फुलावर नेऊन ठेवणे माळ्यालाही सहज साधते. अशा कृत्रिम परागीभवनातून निपजलेल्या संततीला संकर म्हणतात, आणि बागांमधून दिसणारे बहुतेक बेगोनिया असे संकरच आहेत.

संकरांचे गट आणि त्यांची मायभूमी

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून युरोपातील रोपवाटिकांनी जगभरातून गोळा केलेल्या जातींचे संकर करण्यास प्रारंभ केला. आसाममधून गेलेल्या बेगोनिया रेक्स या जातीचे वर्णन १८५७ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि चंदेरी, जांभळ्या व तांबूस नक्षीच्या पानांसाठी लावल्या जाणाऱ्या रेक्स संकरांची सगळी परंपरा तिच्यापासून सुरू झाली. म्हणजे जगभरच्या दिवाणखान्यांत पोहोचलेल्या या झाडाचे मूळ घर भारतातच आहे. पुढे पेरू आणि बोलिव्हियातील अँडीज पर्वतात सापडलेल्या कंदयुक्त जातींपासून इंग्लंडमधील व्हीच यांच्या रोपवाटिकेत जॉन सेडेन यांनी १८७० च्या सुमारास संकर तयार केले, आणि गुलाबासारख्या भरगच्च फुलांचे कंदी बेगोनिया त्यांतून विकसित झाले. १८८० मध्ये अरबी समुद्रातील सोकोत्रा बेटावरून हिवाळ्यात फुलणारी एक जाती युरोपात नेण्यात आली. तिचा कंदी बेगोनियांशी संकर होऊन इलेटिअर हा गट जन्मला आणि विसाव्या शतकात जर्मनीतील ओटो रीगर यांनी तो अधिक काटक केला. आजही रोपवाटिकांत हा गट रीगर या नावाने ओळखला जातो.

याशिवाय दोन गट आपल्याकडे विशेष आढळतात. दक्षिण अमेरिकेतील जातींपासून झालेला सेम्परफ्लोरेन्स गट बुटका, चकचकीत पानांचा आणि जवळजवळ सतत फुलणारा असून त्यालाच मेण बेगोनिया म्हणतात. दुसरा बांबूसारख्या पेरांच्या ताठ खोडाचा गट असून त्याची पाने पंखाच्या आकाराची, पुष्कळदा पांढऱ्या ठिपक्यांची असतात आणि फुले झुबक्यांनी लोंबतात. या खोडवर्गीय संकरांचे मूळ मुख्यतः ब्राझीलमध्ये आहे.

मायभूमीची ही माहिती केवळ इतिहासापुरती नाही, कारण कोणता गट कोठे यशस्वी होईल हे तिच्यावरूनच ठरते. कंदी बेगोनियाला लांब दिवस आणि थंड रात्री एकाच वेळी हव्या असतात, कारण दिवस लहान होताच ते फुलणे थांबवून कंद भरू लागतात. पेठच्या अक्षांशावर लांब दिवस येतात ते एप्रिल-मेच्या उष्म्यासह, आणि थंड रात्री येतात तेव्हा डिसेंबरचा दिवस सुमारे ११ तासांचाच उरलेला असतो. त्यामुळे उटी, कोडाईकनाल किंवा दार्जिलिंगसारख्या उंच ठिकाणी देखणे दिसणारे हे झाड येथे निराशा करते. इलेटिअर गटाचे याच्या नेमके उलट असून लहान दिवस त्यांना कळ्या धरण्यास प्रवृत्त करतात, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ त्यांना अनुकूल ठरतो. सेम्परफ्लोरेन्सचे फुलणे दिवसाच्या लांबीवर अवलंबून नसते आणि खोडवर्गीय गटही बराच सोशिक असतो; नवख्याने याच दोन गटांपासून आरंभ करावा.

कुंडी, माती आणि जागा

बेगोनियाची मुळे बारीक, उथळ आणि हवेला आसुसलेली असतात. पेठ परिसरातील चिकण माती कुंडीत एकटीच भरली, तर पावसात ती चिखल होऊन दबते आणि उन्हात वीट होऊन आवळते. म्हणून दोन भाग धुतलेले कोकोपीट, एक भाग चाळलेले गांडूळखत किंवा पूर्ण कुजलेले पालापाचोळ्याचे खत आणि एक भाग जाड वाळू असे मिश्रण करावे. भाताच्या गिरण्या असलेल्या भागात भाजून काळा केलेला भाताचा तूस स्वस्तात मिळू शकतो आणि वाळूच्या जागी तो चांगला उपयोगी पडतो, कारण तो हलका असून मिश्रण भुसभुशीत ठेवतो. कुंडी मुळांच्या पसाऱ्यापेक्षा थोडीच मोठी असावी. मोठ्या कुंडीत मुळे पोहोचत नाहीत त्या भागातील मिश्रण ओलेच राहते आणि कुजण्याची सुरुवात तेथूनच होते. सेम्परफ्लोरेन्ससाठी सहा इंची, खोडवर्गीयांसाठी आठ ते दहा इंची आणि रेक्ससाठी उथळ पसरट कुंडी पुरेशी होते. तळाच्या छिद्रावर खापरीचा बाकदार तुकडा ठेवावा आणि कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये.

सकाळचे कोवळे ऊन आणि दुपारनंतरची सावली ही या झाडाची आवडती जागा होय. पूर्वेकडील ओटी, पडवीची कड किंवा पन्नास टक्के सावलीची हिरवी जाळी यांखाली बहुतेक गट समाधानाने वाढतात. रेक्सला मात्र थेट ऊन सोसत नाही, तर गडद पानांचे सेम्परफ्लोरेन्स हिवाळ्यातील ऊन चांगले झेलतात. प्रकाश कमी पडल्यास खोडे लांबट होतात आणि फुले रोडावतात, जास्त झाल्यास पानांच्या कडा करपतात. ही लक्षणे दिसताच जागा बदलणे हा सोपा उपाय आहे. जमिनीत लावायचे असल्यास वाफा सपाटीपासून वीतभर उंच करावा, उताराच्या बाजूने चर काढावा आणि रोपांमध्ये हवा खेळेल इतके, म्हणजे सुमारे २० ते २५ सेंटिमीटर अंतर ठेवावे.

वर्षाचे वेळापत्रक

पावसाळ्यात पेठसारख्या भागात बेगोनियाला धोका असतो तो अतिपाण्याचा. कौलांच्या पागोळ्यांखाली कुंडी कधीही ठेवू नये, कारण वरून पडणारी धार पाने फाडते, मिश्रण उसळवते आणि मातीतील रोगजंतू पानांवर नेते. कुंड्या छपराखाली घेऊन विटांवर ठेवाव्यात आणि बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत मिश्रण कोरडे लागेल तेव्हाच पाणी द्यावे, मग त्याला आठवडा लागला तरी चालेल. ऑक्टोबरचा उष्मा ओसरल्यावर नवी लागण आणि कुंडीबदल करावा, कारण पुढचे चार महिने हा या भागातील बेगोनियाचा खरा हंगाम आहे. थंडीत रात्रीचे तापमान दहा अंशांच्या खाली उतरल्यास वाढ थबकते, अशा वेळी कुंड्या भिंतीच्या आडोशाला घ्याव्यात आणि पाणी सकाळी द्यावे. मार्चपासून गरम कोरडा वारा सुरू झाला की रेक्स आणि इलेटिअर कोमेजू लागतात. त्यांच्या कुंड्या एकमेकींजवळ दाट सावलीत, ओल्या वाळूच्या थरावर ठेवल्यास भोवतालची हवा दमट राहते. पाण्याच्या टंचाईच्या काळात थोड्या पाण्यात झाड जगवण्याचा हा उत्तम मार्ग आहे.

वाढीच्या काळात पाण्यात विरघळणारे १९:१९:१९ खत लिटरला एक ग्रॅम या सौम्य प्रमाणात दर पंधरा दिवसांनी पुरते. नत्र अधिक झाल्यास पाने माजतात आणि फुले मागे पडतात. कोवळे शेंडे खुडल्याने सेम्परफ्लोरेन्स डेरेदार होतो, तर खोडवर्गीयांची जुनी, उघडी पडलेली खोडे पावसाळ्याच्या आरंभी दोन-तीन पेरे राखून छाटल्यास बुंध्यातून नवे फुटवे येतात.

अभिवृद्धी

संकराचे बी पेरल्यास संतती मूळ झाडासारखीच निघेल याची हमी नसते, म्हणून हौशी बागकाराने कलमांचाच मार्ग धरावा. बेगोनियाचे बी इतके बारीक असते की सेम्परफ्लोरेन्सच्या एका ग्रॅममध्ये ७०,००० पेक्षा अधिक बिया भरतात, आणि रुजण्यासाठी त्यांना उजेड लागत असल्यामुळे त्या मातीने झाकत नाहीत. खोडवर्गीयांची तीन-चार पेरांची फाटे कलमे ओलसर वाळूत तीन-चार आठवड्यांत मुळे धरतात. रेक्सचे पानकलम हा तर वनस्पतीच्या सामर्थ्याचा विलक्षण नमुना आहे. निरोगी पानाच्या मागील ठळक शिरांना धारदार पात्याने छेद द्यावेत, पान पाठीच्या बाजूने दमट मिश्रणावर टेकवून खड्यांनी दाबावे आणि वर पारदर्शक झाकण ठेवावे. काही आठवड्यांत प्रत्येक छेदातून स्वतंत्र रोप उगवू शकते.

रोग आणि किडी

नाशिकच्या द्राक्षबागायतदारांना परिचित असलेला भुरी हा रोग बेगोनियावरही येतो, मात्र त्याची बुरशी वेगळी असते. थंड रात्री आणि कोंदट हवा यांत पानांवर पिठासारखे डाग दिसू लागतात. रोगट पाने काढून कुंड्यांमधील अंतर वाढवल्याने बराच फरक पडतो. मूळकूज आणि खोडकूज ही साचलेल्या पाण्याची फळे असून त्यांवर औषधापेक्षा निचराच परिणामकारक ठरतो. बुंधा मऊ पडलेल्या झाडाचा निरोगी शेंडा कलमासाठी काढून उरलेले झाड मिश्रणासह टाकून द्यावे. पानावर पाणी भरल्यासारखे डाग पडून भोवती पिवळे वलय आले, तर तो जिवाणूजन्य करपा समजावा. शिंपडलेल्या पाण्याने तो पसरतो, म्हणून रोगट झाड तत्काळ वेगळे करून नष्ट करावे आणि पाणी नेहमी बुंध्याशी द्यावे. पिठ्या ढेकूण दिसल्यास ओल्या कापसाने पुसून काढावेत आणि निंबोळी अर्काची फवारणी संध्याकाळी करावी. बेगोनियाच्या सर्व भागांत ऑक्झलेट हे अपायकारक द्रव्य असल्याने त्यांच्यापासून, विशेषतः कंदांपासून, कुत्री-मांजरे आणि लहान मुले दूर ठेवावीत.

घाटातील कातळांवर फुललेले रानटी बेगोनिया पाहून त्यांचे कंद उपटून आणण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळला पाहिजे. ती झाडे झिरपणाऱ्या कातळाशी आणि पावसाच्या तालाशी इतकी जुळलेली असतात की कुंडीत ती सहसा टिकत नाहीत, आणि एका चिंचोळ्या फटीतील मोजके कंद काढले तरी पुढील वर्षी ती फट रिकामी राहू शकते. बागेसाठी रोपवाटिकांत संकरित रोपे मिळतात, आणि एका झाडापासून कलमांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांपुरती रोपे करता येतात. म्हणून बेगोनियाची हौस असणाऱ्यांनी ऑक्टोबर सरताच सेम्परफ्लोरेन्सचे एक रोप आणून निचऱ्याच्या कुंडीत लावावे आणि सह्याद्रीतील बेगोनिया कातळावरच राहू द्यावेत.