खिळ्याला टांगलेली गुळवेल

गुळवेलीची कांडी मातीत खोचायची राहून गेली तरी फारसं बिघडत नाही. माझी एक कांडी वागळे इस्टेटमधल्या गॅलरीत खिळ्याला अडकवलेली तशीच विसरली गेली. पाऊस लागला आणि तीनेक आठवड्यांत तिला बोटभर फूट आली, खालून दोऱ्यासारखं मूळ लोंबायला लागलं. संस्कृतात हिला छिन्नरुहा म्हणतात, म्हणजे तोडली तरी उगवणारी. ते नाव मला तेव्हा कळलं.

तरी लावायची तर नीट लावावी. मे अखेर ते जुलै हा आपल्याकडचा काळ. कांडी निदान करंगळीएवढी जाड, वीतभर लांब आणि दोन-तीन डोळ्यांची घ्यावी. वरचा राखाडी, कागदासारखा पापुद्रा नखाने खरवडला की खाली हिरवी साल दिसते. आडवी कापली तर आत बैलगाडीच्या चाकासारखे आरे दिसतात. नुसत्या बदामाच्या आकाराच्या पानावर भुलू नये, तशी पानं कितीतरी वेलींना असतात. टिनोस्पोरा क्रिस्पा ही तर सख्खी बहीणच. पण तिच्या कांडावर गाठीच गाठी असतात आणि तिची फळं लांबट, नारिंगी. आपल्या गुळवेलीची फळं वाटाण्याएवढी, गोल आणि लालभडक.

आता वर-खाली कोणतं? गळालेल्या पानाचा वण शोधायचा. डोळा त्याच्या वरच्या अंगाला असतो. वण खाली, डोळा वर, आणि निदान एक पेर मातीत.

कुंडीच हवी असं नाही. भंगारवाल्याकडे रंगाचे 20 लिटरचे रिकामे डबे मिळतात. ते घासून धुवावेत आणि तळाला पाच-सहा भोकं पाडावीत. निम्मी माती, उरलेल्यात शेणखत आणि वाळू. चार-पाच तास ऊन आणि चढायला ग्रिल मिळालं की झालं. वेल स्वतःच पीळ घालत चढते.

माझी पहिली वेल पाण्याने मेली. जानेवारी-फेब्रुवारीत पानं पिवळी पडून गळायला लागली, तशी मी घाबरून रोज तांब्याभर पाणी ओतलं. महिन्याभरात बुंधा मऊ पडला. खरं तर तो पानगळीचाच काळ होता. तेव्हा माती दोन बोटं खोल कोरडी झाल्याशिवाय पाणी देऊ नये. उन्हाळ्यात नवी पालवी येतेच.

पावसाळ्यात एखाद्या सकाळी पानं कुरतडलेली दिसतील. शोधलंत तर काळपट अळी सापडेल. अंगावर डोळ्यांसारखे दोन मोठे ठिपके, आणि डिवचलं की डोकं खाली मुडपून तेच ‘डोळे’ पुढे करते. ही रस शोषणाऱ्या पतंगाची अळी. पुढे हाच पतंग संत्र्या-मोसंबीला सोंड खुपसतो, म्हणून विदर्भ-मराठवाड्यात बागेच्या बांधावरची गुळवेल आणि वासनवेल काढून टाकायला सांगतात. आमच्याकडे संत्र्याची बाग नाही. मी अळ्या हाताने वेचतो, दोन-चार सोडूनही देतो.

वेल दीड-दोन वर्षांची झाली आणि कांड अंगठ्याएवढं झालं की पानगळीनंतर कापावं, खाली हात-दीड हात ठेवून. सत्त्व घरी करायची हौस असेल तर कांडं ठेचून रात्रभर पाण्यात भिजवायची, कुस्करून गाळायची, पाणी निवळू द्यायचं. तळाशी पांढरा साका बसतो. वरचं पाणी अलगद ओतून साका सावलीत वाळवायचा. किलोभर कांडांतून जेमतेम दोन-तीन चमचे निघतात, हे आधीच सांगून ठेवतो.

करोनाच्या दिवसांत हिचा काढा घरोघरी उकळत होता. आपल्याच ठाणे जिल्ह्यातल्या शहापूरच्या कातकरी तरुणांनी वनधन योजनेतून ती औषध कंपन्यांना पुरवली. मग 2021मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. वनस्पतीची ओळखच नीट पटवली नव्हती, असं आयुष मंत्रालयाचं म्हणणं पडलं. कोण बरोबर ते मी ठरवणार नाही. पण यकृताचा त्रास, मधुमेहाच्या गोळ्या किंवा संधिवातासारखं जुनं दुखणं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मी कुणाला काढा देत नाही. कांडी मात्र मागेल त्याला देतो, डोळा कोणत्या बाजूला ते दाखवून.