पंखा, कपॅसिटर आणि तीनशे रुपये

सेकंड इयरला असताना ऐन सबमिशनच्या धामधुमीत आमच्या रूमचा पंखा रुसला. बटण दाबलं की नुसता गुंऽऽ आवाज. झाडूच्या दांड्याने पातं ढकललं की मात्र फिरायचा. कम्प्लेंट वहीत लिहून आठ दिवस झाले, कोणी फिरकलं नाही. शेवटी वर्गणी काढून बाहेरचा वायरमन आणला. दहा मिनिटांचं काम आणि तीनशे रुपये! बदललं काय, तर अडीच मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. दुकानात पन्नास-साठला मिळतो.

इलेक्ट्रिकलवाल्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. आपल्या साध्या पंख्यात सिंगल फेज इंडक्शन मोटर असते (नव्या बीएलडीसी पंख्यांची गोष्ट वेगळी). एकट्या वाइंडिंगचं चुंबकीय क्षेत्र फिरत नाही, जागच्या जागी उलटसुलट होत राहतं. म्हणून दुसरं वाइंडिंग आणि त्याच्याशी सिरीजमध्ये कपॅसिटर. त्याने करंटच्या फेजमध्ये फरक पडतो आणि क्षेत्र फिरू लागतं. कपॅसिटर जुना झाला की त्याची क्षमता घटते. आधी पंखा मंदावतो, मग सुरूच होत नाही. एकदा ढकलून गती दिली, की मात्र एकटं वाइंडिंगही त्याला फिरवत ठेवतं.

एवढं कळल्यावर आम्ही इंजिनिअर झालोच की! थर्ड इयरला शेजारच्या रूमचा पंखा बसला, तेव्हा मी पंचावन्नचा कपॅसिटर आणला, बटण बंद केलं, स्टुलावर चढलो. वायरला हात लागला आणि थेट खाली. मनगट सुजलं. एक्स-रे, डॉक्टर, गोळ्या धरून नऊशे रुपये. रेक्टर सरांची बोलणी फुकट.

झालं होतं असं की बटण न्यूट्रलवर जोडलेलं. ते बंद केलं तरी फेज पंख्यापर्यंत येतोच. त्यामुळे मित्रांनो, आधी एमसीबी पाडा, मग टेस्टर लावा. टेस्टर चालू आहे ना, हेही आधी चालू सॉकेटमध्ये बघून घ्या. नवा कपॅसिटर जुन्याच मायक्रोफॅरडचा आणि तेवढ्याच व्होल्टेजचा हवा. खाली स्टूल धरायला एक जण पाहिजेच.

बेअरिंगची खरखर असेल तर हात लावू नका. पुलर नसताना ठोकाठोकी केली की वाइंडिंग जातं, आणि ते भरून घेणं तीनशेत होत नाही.

शेजारचा पंखा अखेर त्याच वायरमनने सुरू केला. कपॅसिटर माझा, म्हणून त्याने पन्नास रुपये कमी घेतले.